परत केलेले नारळ

मारुती गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरवळला कारखान्यात होतो. असली थट्टा करू नको, म्हणून मी सांगणाऱ्यालाच झापलं... आटपाडीच्या बाजूला आम्ही दोघं एकाच संघातून कबड्डी खेळलो. पुढं मी पोटापाण्याला बाहेर पडलो आणि तो गावच्या संघाला शिकवायला लागला.

शोकसभेत जो तो उठून सांगत होता, मारुतीनं कधी कुठल्या मैदानाला नाही म्हटलं नाही. माझं डोकं फिरलं. अरे, त्याची हयात नाही म्हणण्यात गेली. जत्रा सुरू झाल्या की गावोगावचे मानाचे नारळ संघाकडे येतात. नारळ घेतला की त्या जत्रेत खेळणं आलं. सगळेच घेतले तर जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत गुडघे शिल्लक राहत नाहीत. म्हणून मारुती मोजके घेई, बाकीचे हात जोडून परत करी. सासरवाडीचासुद्धा परत केला. त्या वर्षी जत्रेच्या जेवणात जावईबापूंच्या ताटात नुसता रस्सा पडला, तोही त्यानं भाकरी चुरून हसत खाल्ला. लोक भित्रा म्हणत, माजलाय म्हणत. तो एवढंच म्हणे, "गड्या, खेळायचं कवा ते समद्यांस्नी कळतंय. बसायचं कवा ते कळाय पायजे."

आणि याच माणसाच्या नावानं गावच्या मंडळानं स्मृतिचषक ठेवला, तोही जिल्ह्याच्या स्पर्धेच्या तोंडावर. थकलेल्या पोरांना दिवसभर मैदानात घासायचं आणि वर त्याला श्रद्धांजली म्हणायचं. मी भांडलो, तर भावना समजून घ्या, असं मलाच ऐकवलं. पोरांची तर पंचाईतच झाली. गुरूच्या नावाला नाही कोण म्हणणार?

मंडळाचे अध्यक्ष नारळ घेऊन मारुतीच्या घरी आले. तो मैदानावर सुमनवहिनींच्या, मारुतीच्या बायकोच्या, हातून फोडायचा होता. वहिनींनी नारळ कपाळाला लावला आणि दारातल्या दगडावर तिथंच फोडला. गोळा झालेल्या पोरांच्या हातावर खोबरं ठेवत म्हणाल्या, "ह्यांच्या नावाचा नारळ फुटला. आता घरला जावा. जिल्ह्याला खेळायचं हाय."

चषकाची स्पर्धा आमच्या संघाविना झाली. जिल्ह्याच्या आदल्या दिवशी मी गावी गेलो, तर पारावर वहिनींना नावं ठेवणं चाललं होतं; बाई माजलीय म्हणे. दोघातिघांना तिथंच वाजवून मी तणतणत वहिनींच्या घरी पोचलो. वहिनी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. कोण काय बोललं ते मी तावातावानं सांगायला लागलो, तशी त्यांनी सोप्यात ओळीनं आडव्या झालेल्या संघाकडं हात केला. "हळू बोला, भावजी. पोरं निजल्यात."