फूटपट्टीबाई आणि चौदावं पान

राष्ट्रपतींच्या कचेरीत नोकरी म्हटलं, की लोकांना वाटतं, आता काय, बाई बोट दाखवेल ते मिळेल! फूटपट्टीबाई तीस वर्षं हेच ऐकत आल्या होत्या. शेजारच्या काकूंना नळाला जास्त पाणी हवं, मावसभावाला बदली हवी, चुलत सासऱ्यांना तर पलीकडच्यांचं झाड तोडून हवं. "तुमच्या साहेबांच्या कानावर घाला की जरा!"

बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. "अहो, आमचे साहेब देशाचे पहिले नागरिक खरे, पण कारभार मंत्रिमंडळ सांगेल तसाच करायचा. कायद्याचा कागद पटला नाही तर फार तर एकदा परत पाठवायचा, की बाबांनो, पुन्हा विचार करा. दुसऱ्यांदा तोच आला की सही करायची."

"मग वहिनी, ते काही करत नाहीत, तर तू तिथे करतेस तरी काय?" हे नणंदेचं. बाईंच्याच घरात राहणारी, जिभेला धार असलेली, आणि सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं हंगामी नर्स. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस घरी बसायचं, की पुन्हा नवी ऑर्डर. कागदोपत्री ती दर वर्षी नवीन! तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी कायम झाल्या, मोठ्या सिस्टर झाल्या, आणि ही अजून 'नवीन' म्हणून हजेरीत सगळ्यात खाली.

तर बाई काय करायच्या? जुळणी. तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा. सभागृहाने मंजूर केलेली शिक्क्याची प्रत एकीकडे, राष्ट्रपतींच्या सहीसाठी जाड कागदावर छापलेली दुसरीकडे. समोर बसणारे चष्मेवाले पहिली प्रत मोठ्याने वाचणार, बाई दुसरीवर ओळीओळीखाली लाकडी फूटपट्टी सरकवणार. आणि गंमत म्हणजे वाचायचं शेवटच्या पानापासून पहिल्याकडे. सरळ वाचलं की डोळा मजकुरात रमतो, आणि रमलेला डोळा न वाचताच मान डोलावतो, असं बाईंचं ठाम मत. सगळं जुळलं की पांढऱ्या चिठ्ठीवर 'जुळलं' लिहून आद्याक्षरं. ती चिठ्ठी नसेल तर फाइल जिना चढत नसे.

त्या दिवशी फाइल आली ती नेमकी हंगामी आरोग्य कर्मचाऱ्यांना कायम करण्याच्या कायद्याची. दोन वर्षं बायकांनी घसा फोडून घोषणा दिल्या होत्या, नणंद त्यात पुढे. आणि दिवस अगदी अखेरचा! संध्याकाळी सहाला सभागृहाची मुदत संपणार होती, आणि त्या देशाचा नियम असा, की तोवर सही झाली नाही तर सगळं बाद. बारा वाजता सहीचा समारंभ. फोटोवाले दहापासूनच येऊन बसलेले.

साडेदहाला अधीक्षक घाईघाईत आत आले. "पहिलं पान बघा, शेवटचं बघा, आणि सोडा."

"मग साहेब, मधली पानं काय शोभेला लावलीत?" बाईंनी फूटपट्टी उचलली. "वाचा हो चष्मेवाले."

वीस, एकोणीस, अठरा. सगळं सुरळीत. चौदाव्या पानावर चष्मेवाले वाचत होते, 'यापूर्वी केलेली सर्व सेवा धरण्यात येईल.' बाईंची फूटपट्टी थबकली. त्यांच्या पानावर छापलं होतं, 'कायदा लागू झाल्यापासूनची सेवा धरण्यात येईल.' छापखान्याने पहिल्या मसुद्याचं चौदावं पान उचलून मध्ये शिवलं होतं. वरची ओळ तीच, खालची ओळ तीच, मधली बावीस वर्षं गायब!

सही अशीच झाली, तर नणंद कायम होणार, पण आजपासून. आणि फाइल अडवली आणि सहा वाजून गेले, तर तेवढंही नाही, हजारो बायकांच्या तोंडचा घास गेला.

अधीक्षकांनी दोन्ही पानं पाहिली आणि मटकन खुर्चीत बसले. "जाऊ द्या. पुढच्या सभागृहात दुरुस्ती करून घेतील."

"पुढचं सभागृह! कोण येणार, काय करणार, तुम्ही लिहून देता?"

"बाई, तुमची नणंद आहे ना यात?" अधीक्षकांनी आवाज खाली आणला. "लोक म्हणतील, घरच्यासाठी घोळ घातला. निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमचे. कशाला डोक्याला ताप?"

आता मात्र बाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी चिठ्ठी ओढली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'पान चौदा जुळत नाही. माझ्या नणंदेचा या कायद्यात फायदा आहे, हेही कळवते.' खाली आद्याक्षरं. "न्या वर. मला काढायचं तर काढू देत."

फाइल वर गेली. दहा मिनिटांत बाईंना बोलावणं आलं, फूटपट्टी हातात तशीच. बाई तशाच जिना चढल्या.

मोठं टेबल, मागे झेंडा, सचिवांची रांग, आणि चिठ्ठी वाचत बसलेले राष्ट्रपती. तीस वर्षांत बाईंनी त्या खुर्चीतल्या माणसाला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"एकाच ओळीचा प्रश्न आहे," राष्ट्रपती पेनाचं टोपण काढत म्हणाले. "चूक छापखान्याची. मीच हाताने दुरुस्त करतो आणि सही करतो. झालं?"

सचिवांनी सुटकेचा श्वास सोडला. बाईंच्या तोंडून मात्र निघून गेलं, "नाही साहेब. तुम्हाला तेवढा अधिकार नाही."

अधीक्षकांनी डोळेच मिटून घेतले.

"एक शब्द घालायचा नाही, एक काढायचा नाही," बाई म्हणाल्या. "आज तुम्ही चांगली ओळ घालाल. उद्या कोणी वाईट घालेल, आणि म्हणेल, त्यांनी नव्हती का घातली? कायदा सभागृहाने करायचा."

"मग माझ्या हातात काय आहे?"

"सभागृहाने जे मंजूरच केलं नाही, त्यावर सही न करणं. तशी सही कोणी तुमच्याकडून करून घेऊ शकत नाही. खरं पान मागवा साहेब. सहा वाजायला अजून साडेसहा तास आहेत."

राष्ट्रपतींनी बाईंकडे पाहिलं, फूटपट्टीकडे पाहिलं, आणि पेनाला टोपण लावलं. "फोटोवाल्यांना चहा द्या," ते सचिवांना म्हणाले. "आणि छापखान्याला सांगा, बाई जुळलं म्हणेपर्यंत माझी सही नाही."

मग काय धावपळ उडाली! छापखान्यात यंत्रं सुरू झाली, सभागृहाचे सचिव स्वतः शिक्का घेऊन आले. नवी प्रत सव्वाचारला टेबलावर आली. चष्मेवाल्यांचा घसा बसला, तरी वीस ते एक, एकही पान सोडलं नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी बाईंनी चिठ्ठीवर 'जुळलं' लिहिलं आणि साडेपाचला सही झाली. वरून टाळ्या तळमजल्यापर्यंत ऐकू आल्या. बाई खुर्चीत बसल्या आणि ढसाढसा रडल्या. चष्मेवाल्यांनी मुकाट्याने रुमाल पुढे केला.

घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. पण चष्मेवाल्यांच्या पोटात कधी काही राहिलंय? आठवड्यात सगळ्या गल्लीला कळलं.

दोन महिन्यांनी नणंद दवाखान्यातून आली ती कायम झाल्याच्या पत्राचं पाकीट घेऊन, अजून बंद. बाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि आतल्या खोलीतून जुन्या ऑर्डरींचा गठ्ठा आणला.

"उघडत का नाही, वन्सं?"

"आधी जुळवून दे. तुझ्या पद्धतीने."

बाईंनी फूटपट्टी काढली. नणंद जुन्या ऑर्डरी घेऊन समोर बसली, आणि बाई नवं पत्र खालून वर वाचू लागल्या. सही, शिक्का. अटी. हुद्दा, वरिष्ठ परिचारिका. मग रुजू झाल्याची तारीख. नणंदेने गठ्ठ्यातली सगळ्यात तळची, पिवळी पडलेली ऑर्डर काढली. बावीस वर्षांपूर्वीची, तीच तारीख.

"पुढे वाच ना वहिनी."

एकच ओळ राहिली होती, नणंदेच्या नावाची. बाईंना डोळ्यांतल्या पाण्याने अक्षर दिसेना. तेव्हा नणंदेनेच ते पत्र हातातून घेतलं, उठून उभी राहिली, आणि स्वतःचं नाव असं खणखणीत वाचलं, की शेजारच्या काकू धावत दारात आल्या.