एक नंबरचा खोका

आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत आत्याची जागा ठरलेली होती, स्वयंपाकघराच्या उंबरठ्यालगत. लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन ती माहेरी आली आणि तिथंच निजू लागली. पाण्याचा माठ आत, आम्ही सगळे बाहेर. रात्री ज्याला तहान लागे तो तिला ओलांडून जाई. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही.

तिला स्वतःची खोली हवी होती. विकायचे पापड लाटता लाटता ती एकदाच बोलली, "एक खोली घेईन म्हणते. बारकी चालेल." आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग पूर्व आफ्रिकेतल्या एका बंदरातून मागणी आली. तिथल्या मराठी मंडळींना दिवाळीसाठी पापड, कुरडया आणि चकलीची भाजणी हवी होती, तीही सगळ्या घरांना पुरेल एवढी. माल वेळेवर पोचला तर दरसाल घेऊ, असं त्यांनी कळवलं होतं. आत्याने त्या दिवशीच मनातल्या मनात खोली लावूनही टाकली असावी.

मी तेव्हा गोदीजवळ एका क्लिअरिंग एजंटाकडे कारकून होतो, त्यामुळे सगळी आखणी माझ्या गळ्यात पडली. भाद्रपदातली दमट हवा आणि वर समुद्राचा प्रवास. भाजणीला वास लागायला तेवढं पुरे. म्हणून माल पत्र्याच्या डब्यांत भरून झाकणांना डाग देऊन ती हवाबंद केली, डबे लाकडी खोक्यांत बसवले, खोक्यांना पट्ट्या मारून काळ्या रंगाने नंबर घातले. दिवाळीआधी पोचेल अशी बोट एकच होती. ती पितृपक्षात सुटणार होती.

"पितरांच्या पंधरवड्यात पहिलावहिला माल धाडू?" आत्या म्हणाली. "बोट बदल."

"बोट म्हणजे काय भाड्याची व्हिक्टोरिया आहे, हाक मारली की थांबायला?"

ती घुश्शात उठून गेली, पण तोडगाही तिनेच काढला. अशुभ दिवशी प्रवास टळत नसेल, तर आमच्याकडे आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवत. प्रवाशाची एखादी वस्तू वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला. खरोखर निघताना ती वस्तू उचलून पुढे जायचं. माणसांसाठी हे मी पाहिलं होतं, भाजणीसाठी पहिल्यांदाच पाहत होतो. अनंत चतुर्दशीला, चाळीचा गणपती चौपाटीकडे निघायच्या आधी, आत्याने एक नंबरच्या खोक्यावर तांदूळ आणि सुपारी ठेवली. मग तो माझ्या खांद्यावर देऊन वाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या मास्तरांच्या घरी ठेववला. मी वाटभर तिची थट्टा केली. तिने लक्ष दिलं नाही.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. भिंती घोषणांनी भरलेल्या, संध्याकाळी सभा, आणि बंदची हाक कधी येईल याचा नेम नाही. ती नेमकी आमच्या बोटीच्या तोंडावर आली. बंदच्या दिवशी गाडी मिळणार नाही म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळीच ट्रक आणला, धावपळ करून खोके चढवले आणि मास्तरांच्या दारावरूनच सरळ गोदी गाठली. आत्या गॅलरीत हात जोडून उभी होती. प्रस्थान उचलायचं तिलाही आठवलं नाही.

बंद संपल्यावर दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कस्टमचा साहेब आमच्या खोक्यांभोवती फिरला.

"हे दोनपासून सुरू होतंय. एक कुठाय?"

"घरी राहिलाय," मी म्हणालो.

"मग माल आलेला नाही. उद्या दुपारपर्यंत पुरा आणा, नाहीतर कागद नवे करा. नव्या कागदांवर ही बोट मिळायची नाही."

धावत घरी आलो तर मास्तरांच्या दाराला कुलूप. मास्तर आणि त्यांची बायको, दोघंही बंदच्या दिवशी सत्याग्रहात पकडले गेले होते. किल्लीही त्यांच्याबरोबर तुरुंगात. साहेबाला कशीबशी गळ घालू आणि एक खोका वगळून पाठवू, असं मी आत्याला सुचवलं.

"प्रस्थान इथं आणि माल तिकडं? म्हणजे गेला कुठं तो?"

कस्टमचं आणि आत्याचं एकमत होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

चाळ मास्तरांच्या दारात जमली. "महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाचं कुलूप फोडायचं, तेही पापडांसाठी?" कुणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आत्या घरी गेली, वरवंटा घेऊन आली आणि कोयंडा निखळेपर्यंत घाव घालत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खोका ने तू. ते सुटून येईपर्यंत या घराची राखण माझी."

खोका चढला, बोट सुटली. आत्या खरोखरच मास्तरांकडे मुक्कामाला राहिली. ते सुटून आले तेव्हा तिने नव्या कुलपाची किल्ली त्यांच्यापुढे ठेवून माफी मागितली. मास्तर म्हणाले, कुलूप जुनंच झालं होतं. आत्या वळकटी उचलून पुन्हा आमच्या उंबरठ्याशी आली.

दिवाळीनंतर आफ्रिकेहून कळलं, माल वेळेवर मिळाला, पुढच्या साली पुन्हा पाठवा. त्याच संध्याकाळी आत्याने खोलीचा विषय काढला. या वेळी आईला ऐकावंच लागलं.

"इथं काय कमी आहे, वन्सं?"

आत्या उडीद निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"कमी काही नाही हो, वहिनी. मास्तरांकडे होते ना, तिथं रात्रभर मला कुणी ओलांडलं नाही."

त्या रात्री मला तहान लागली. मी तसाच पडून राहिलो.