पेणचा नवरदेव

आमच्या घराण्यात बीएस्सी झालेला मी पहिला. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. गडबच्या शेतकऱ्याचा मुलगा, प्राणिशास्त्र घेऊन पास झालो आणि नव्वदच्या सुमारास रोह्याला कंपनीच्या लॅबमध्ये लागलो. मग कॉलनीत कुणाची कोंबडी शिंकली तरी बोलावणं मला.

साहेबांच्या बायकोची अल्सेशियन कुत्री होती. तिच्या पहिल्या वेताची पाचही पिल्लं गेली. नर तिच्याच बापाचा मुलगा निघाला. डॉक्टरांना संशय त्या नात्याचाच. पिल्लं मॅडमनी स्वतः बागेत पुरली होती.

"या वेळी नातं नीट तपासून दे," त्या म्हणाल्या. "मला परत खड्डे खणायचे नाहीत."

पेणला एक देखणा नर मिळाला होता. त्याचे आणि कुत्रीचे पेडिग्रीचे, म्हणजे वंशावळीचे, कागद मी मॅडमच्या ओट्यावर पसरले. आता म्हणे कुत्र्याची लाळ तपासायला पाठवली की सगळं कळतं. तेव्हा पेन्सिल आणि पुस्तकातलं सूत्र, बस्स. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, असा वर चढत गेलो. एकही नाव जुळेना.

"बिनधास्त करा," मी ऐटीत सांगितलं.

त्या दिवशी आई गावाहून मॅडमसाठी वाल घेऊन आली होती. अर्ध्या गावाच्या सोयरिकी तिने जुळवलेल्या. अक्षर मात्र एक येत नाही.

"आयशीकडचं बघितलंस?" तिने विचारलं.

"वंशावळीत बायका कुठे असतात?"

"वंशावळीत नसतील. सोयरिकीत असतात. दोघांच्या आयशींचं म्हायेर बघ आधी."

कागद पुन्हा बघितले. दोघींचे आईबाप तेच. सख्ख्या बहिणी!

"म्हंजे ही मावसभावंडं!" आई ओरडली. "बहिणीला भावाच्या गळ्यात बांधतोस व्हय रं? आणि म्हणं कालेज शिकला!"

मॅडमचा चेहरा उतरला. मी घाईघाईने हिशोब मांडला. दर पिढीला निम्मं, निम्मं करत, एकाच पूर्वजाचा तोच गुण आईबाप दोघांकडून पिल्लाला मिळण्याची शक्यता आली एक सोळांश.

"मावस काय, मामे काय, आकडा तोच," मी समजावलं. "मामाची पोरगी केली तरी एक सोळांश."

बोललो आणि जीभ चावली. आमची आई म्हणजे बाबांच्या मामाचीच मुलगी.

आईने डोळे बारीक केले. "मंग तू पण त्यातलाच?"

"व्हय."

"तरीच!" ती मॅडमकडे वळली. "बाय गो, म्हणून हा आयशीकडचं बघायला इसरला!"

मॅडम पदर तोंडाला लावून हसल्या. पिल्लं गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं.

पेणचा नवरदेव रद्द झाला. अलिबागचा एक नर आणला. त्याच्या आया, आज्या, पणज्या मी पाच पिढ्या तपासल्या, दोनदा. सहा पिल्लं झाली आणि सहाच्या सहा जगली. बागेत मॅडमनी खड्डे खणले ते मोगऱ्यासाठी.

त्यातलं एक पिल्लू त्यांनी आईला दिलं. गडबला आमच्या अंगणात कुणी आलं की आई त्याची ओळख करून द्यायची:

"याच्या आयशी-बापाचं पाच पिढ्या आपसात नातं नाय. आमच्या घरात एवढं चोख दुसरं कोण नाय. बीएस्सी धरून."