चपलांजवळ बसवलेली माझी पोर

"हिला चपला सांभाळायला बसवा. रांग बिघडते."

लेझीम शिकवणाऱ्या मॅडम हे मला बोलल्या, पोरीकडे न बघता. अंबरनाथ पश्चिमेला, त्यांच्या सोसायटीच्या मैदानात. गणपतीच्या लेझीमची तालीम चालू होती. माझी पोर नऊ वर्षांची, तिला ऑटिझम आहे. तिच्या हातातली लेझीम काढून घेतली आणि तिला चपलांच्या ढिगाजवळ बसवलं.

बाकीच्या आया मोबाइलमध्ये बघायला लागल्या. माझं डोकं सणकलं, पण काम जाईल या भीतीने बसून राहिले. आम्ही चामटोली गावचे, सोसायटीबाहेरचे. मॅडमच्याच घरी मी पोळ्या करते. त्यांनीच मोठ्या मनाने पोरीला घेतलं, असं त्या येईल त्याला सांगायच्या. माझ्यासमोर.

लेझीमने तिला काय दिलं ते मला विचारा. आधी कुणी शेजारी उभं राहिलं तरी किंचाळायची. आता आपली पाळी यायची वाट बघते. शेजारच्या मुलीला नावाने हाक मारली तिने. घरी येऊन शांत झोपते. डॉक्टर म्हणाले, काही झालं तरी हे सोडू नका.

अडत होतं एकाच गोष्टीवर. दर वळणाला मॅडम शिट्टी फुंकायच्या. पोर कान दाबायची, लेझीम पडायची. मी आधीच म्हटलं होतं, "मॅडम, शिट्टीऐवजी टाळी द्या ना."

"एका पोरीसाठी सगळं बदलायचं का? घेतलं तेच खूप झालं."

आता पोरीने सगळ्या चपला जोडीने लावल्या. मग दोन चपला हातात घेतल्या आणि लेझीमच्या तालावर आपटत बसली. बरोब्बर तालात. मुली हसल्या. मॅडम पण हसल्या. त्यांच्याकडे बघून माझी पोरही हसली. तिला वाटलं, आपण अजून लेझीममध्येच आहोत. मग मला राग आला, असा की भीती कुठल्या कुठे गेली.

मी उठले. तिच्या हातातल्या चपला खाली ठेवल्या, लेझीम दिली, रांगेत तिच्या जागेवर नेऊन उभी केली.

"हे काय चाललंय?" मॅडम.

"तालीम. शिट्टी वाजवू नका. वळणाला मी टाळी देते."

"उद्यापासून पोळ्यांना येऊ नकोस."

"नाही येत. तालमीला येणार."

मी टाळी दिली. पोर वळली. तिच्या मागच्या दोघी वळल्या. बाकीच्या मॅडमकडे बघत उभ्या राहिल्या.

काम गेलं. दुसरं शोधेन. रोज संध्याकाळी मी पोरीला घेऊन त्या मैदानात जाते. फाटक लावलं तर फाटकाबाहेरून टाळी देईन. चपलांजवळ माझी पोर परत बसणार नाही.