रफिकची गाडी धूर सोडत नाही

मित्रांनो, आज सकाळी देवपूजा आटोपली आणि गाडी घेऊन गारखेड्यात माझ्या मित्राकडे, रफिककडे गेलो. आमच्या दोघांच्या गाड्या एकाच बनावटीच्या, जुन्या टू-स्ट्रोक. माझी गल्लीभर धूर करते, त्याची करत नाही. लई दिवस मनातून जळत होतो, म्हणून विचारलं नव्हतं. आज विचारलंच.

इंजिनात आपोआप ऑइल सोडणारा माझ्या गाडीचा ऑइल पंप रफिकनं उघडून पाहिला. “भाऊ, पंपात हवा नाय. केबलबी बरोबर हाय.”

“हवा सगळी तुझीच ना!” मी टोमणा मारला.

तो हसला आणि टाकीचं झाकण काढून वास घेतला. “पेट्रोलमध्येबी ऑइल टाकता व्हय?”

“टाकतो. पंप बंद पडला अन् इंजिन जाम झालं तर?”

“मग पंप काय पूजेला ठेवलाय? डबल ऑइल जळतंय, म्हणून धूर!”

तेव्हा कळलं, मला हेवा त्याच्या गाडीचा नव्हताच, त्याच्या निर्धास्तपणाचा होता. रोज देवापुढं हात जोडतो मी, अन् भरवसा मात्र रफिककडं! अजूनही जळतोच आहे. तुम्हालाही कुणाच्या निर्धास्तपणाचा असा हेवा वाटतो का?

दुपारी टाकी रिकामी केली, नुसतं पेट्रोल भरलं आणि चितेगावपर्यंत जाऊन आलो.