ओढ्याजवळचं वळण

नवऱ्याला हे ठाऊक नाही. आईला सांगायचं राहून गेलं, आणि आता ती नाही. ज्याला सांगायला हवं होतं, त्याच्यासमोर तर कितीदा तोंड उघडलं — आणि चहा ठेवू का, एवढंच विचारलं. मग तुम्हालाच का सांगतेय? तुमचं-माझं काही नातं नाही म्हणून असेल. असू दे.

पण आधी आनंदाचं सांगते. कारण गोष्ट खरोखर आनंदाची आहे — आणि अडचण तिथंच आहे.

कोल्हापूरच्या पूर्वेला आमचा साखर कारखाना. स्टेशनापासून कारखान्याच्या गोदामापर्यंत त्याची स्वतःची रेल्वे लाइन होती. फार लांब नव्हती, सायकलवरून गप्पा मारत संपेल एवढीच. पण स्वतःची! पिवळं डिझेल इंजिन कारखान्याचं, रूळ कारखान्याचे, आणि ते इंजिन चालवणारा ड्रायव्हर माझा थोरला भाऊ, दादा. आमचे वडील त्याच लाइनीवर खडी फोडायला होते. त्यांचा मुलगा इंजिनात बसला, तेव्हा आमच्या बौद्ध वस्तीत पेढे वाटले होते. दादाचा आवाज इंजिनाच्या भोंग्याहून मोठा, असं सगळे म्हणायचे. त्याला ते आवडायचं.

नव्वद सालानंतर ट्रक वाढले. साखर ट्रकनं जायला लागली आणि लाइनीकडं कुणी बघेना. रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजले, खडी काळ्या मातीत रुतली, दोन रुळांमध्ये गवत माजलं. सगळ्यात वाईट जागा ओढ्याजवळची. तिथं लाइन वळते. पावसाळ्यात भराव खचायचा आणि बाहेरचा रूळ हळूहळू बाजूला सरकायचा. दादा तिथं इंजिन थांबवायचा, खाली उतरून बघायचा, आणि मग माणसाच्या चालीनं वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, पुढं काढायचा.

दोन हजार सालाच्या आसपास संचालकांच्या बैठकीत निघालं, की लाइन उखडायची, रूळ भंगारात काढायचे. इंजिनही. दादा आणि रुळांची डागडुजी करणारी टोळी मिळून आठ-दहा घरं त्या लाइनीवर जगत होती.

मी तेव्हा राजारामपुरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासमध्ये कुणीतरी आगगाडी चालवायच्या खेळाची सीडी आणली. पोरं परदेशातल्या बर्फाच्या डोंगरांतून गाड्या पळवायची. त्या खेळात आपली स्वतःची लाइनही मांडता यायची — चढ, उतार, वळण, रूळ कुठं दबलाय, सगळं. मी घरी येऊन दादाला म्हटलं, आपली लाइन त्यात घालूया. तो हसला. दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन दारात उभा.

ते दिवस... कसं सांगू? सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं लाइनीवरून चालायचो. तो वाकून मोजायचा, ओरडून आकडा सांगायचा, मी लिहून घ्यायची. ओढ्याजवळ तर त्यानं मला उकिडवं बसवून दाखवलं, रूळ कसा फाकलाय ते. मग क्लास सुटल्यावर मी कॉम्प्युटरवर बसायची. स्टेशन झालं, बाभळी झाल्या, पूल झाला, गोदाम झालं. दादानं पहिल्यांदा पडद्यावर आपलं पिवळं इंजिन बघितलं तेव्हा तो गप्प झाला. दादा — गप्प! त्यानं बोट पुढं करून काचेला लावलं. आयुष्यात मी एवढी खूश कधी झाले नव्हते.

बातमी चेअरमनसाहेबांपर्यंत गेली. त्यांनी बोलावलं, म्हणाले, बैठकीत दाखवा. मुद्दा सरळ होता. रेल्वे वाघिणी देते, पण ठरलेल्या वेळेत भरून परत द्याव्या लागतात. गाडी जरा वेगानं गेली तर ते जमणार. नाही जमलं तर ट्रक आहेतच.

मी दाखवलं. संचालक मंडळाच्या मोठ्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला, मागं भिंतीला टेकून दादा उभा. पडद्यावर भरलेली गाडी गोदामातून निघाली, वळण घेतलं, पूल ओलांडला आणि वेळेच्या आत स्टेशनात पोचली. मग टाळ्या. चेअरमनसाहेब उठून उभे राहिले. ज्या टेबलापाशी माझे वडील कधी चप्पल घालून गेले नव्हते, तिथं मला बसायला खुर्ची दिली. लाइन वाचली! सरळ भागातले स्लीपर बदलायचं ठरलं, पूल दुरुस्त करायचं ठरलं. वळण पडद्यावर नीट दिसत होतं, म्हणून त्याला हात लावायची गरज कुणाला वाटली नाही.

भरलेल्या गाडीची चाचणी झाली तेव्हा मी गोदामाच्या फलाटावर होते. गाडी वळणाकडं गेली. मग आवाज आला — सांगता येत नाही तसला. आम्ही पळत गेलो. रूळ फाकला होता, इंजिन ओढ्याच्या बाजूला कलंडलं होतं, आणि दादाचा पाय केबिनच्या दारात अडकला होता.

पाय कापावा लागला नाही. पण गुडघा कायमचा गेला.

आणि तरी — ऐका — त्यानंतर जे झालं ते कोल्हापुरातच होऊ शकतं. साखरेचे करार झालेले, वाघिणी मागवलेल्या, मागं फिरायला वाट नव्हती. इंजिन उचलायला आख्खा गाव लोटला. जॅक आले, लाकडी ठोकळे आले, तालमीतली पोरं लाल मातीचं अंग घेऊन तशीच दोरखंडाला लागली. ऊसतोडीवाल्या बायका भाकरी घेऊन आल्या. इंजिन बोटभर उठायचं, खाली ठोकळा सरकायचा, पुन्हा बोटभर. चाकं रुळावर टेकली तेव्हा जो आवाज उठला, तो दवाखान्यात दादाला ऐकू आला म्हणे. एवढ्या लांब जाणार नाही, पण तो अजून तसंच सांगतो.

मग ते वळण मुळापासून नव्यानं घातलं. भराव पक्का केला, सिमेंटचे स्लीपर, जाडजूड रूळ, पांढरीशुभ्र खडी. पहिली भरलेली गाडी निघाली तेव्हा हलगी वाजत होती आणि माणसं गुलालात न्हाली होती. चेअरमनसाहेबांनी मला इंजिनाच्या पायरीवर उभं केलं, डोक्याला फेटा बांधला. वस्तीत, विहारासमोर, सत्कार झाला. वडीलधाऱ्या बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. पुढं कागलच्या एमआयडीसीत मला चांगली नोकरी लागली, ती याच कामाच्या जोरावर. त्या दिवसांचा एकही क्षण खोटा नव्हता. मी अजून तो गुलाल आठवून हसते.

चौकशी झाली होती. त्यात ठरलं, ड्रायव्हरनं गाडी वेगानं नेली. दादानं मान डोलावली. त्याला इंजिनावरून काढून गेटवर बसवलं.

आता सांगते. एक दुपार मी मघाशी गाळली.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी क्लासमध्ये एकटी होते. मोजमापं सगळी खरी घातलेली. वाघिणींत माल भरला, गाडी सोडली — आणि ओढ्याजवळच्या वळणावर ती पडद्यावर रुळावरून उतरली. वेग कमी केला. पुन्हा उतरली. आणखी कमी केला. पुन्हा. माणसाच्या चालीनं नेली तेव्हा कुठं पार झाली, पण मग वेळ हुकत होती. खेळ मला तेच सांगत होता जे दादानं उकिडवं बसवून दाखवलं होतं. मी काय केलं? ते वळण उघडलं आणि त्याचा बाक कमी केला. खचलेली बाजू वर उचलली. रूळ जागेवर आणला. माऊस थोडासा सरकवला, एवढंच काम. मग गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

उद्या दुरुस्ती होईलच, असं मनाशी म्हटलं होतं का? आठवत नाही. म्हटलं असलं तरी त्यानं काय होतं? मी वस्तीची लाडकी होते, टाळ्या हव्या होत्या — हेही खरं, पण हे मी बचावासाठी सांगत नाही.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी. चाचणीच्या सकाळी दादा इंजिनाला हात लावून उभा होता. त्याला हुकूम होता, पडद्यावरच्या वेळेत पोचायचं; वळणावर वेग किती ठेवायचा ते ड्रायव्हरनं बघायचं. त्यानं मला बाजूला घेतलं आणि, कधी नव्हे ते, हळू आवाजात विचारलं,

“छाये, त्यात वळाण हाय तसंच घातलंयस न्हवं?”

मी त्याच्या डोळ्यांकडं बघून म्हणाले, “व्हय दादा. हाय तसंच.”

“मग नेतो,” तो म्हणाला, आणि चढला.

कॉम्प्युटरचं काम माझं, म्हणून चौकशीच्या खोलीत मीही होते. चौकशी करणाऱ्या साहेबांनी त्याला विचारलं, एवढ्या वेगाचा भरवसा तुला कुणी दिला? दादानं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, “मीच नेली साहेब. माझाच अंदाज चुकला.” मी तिथं बसून होते. हातात रुमाल होता, तो घडी करत होते. मला कुणी गप्प बसवलं नव्हतं.

त्याला कळलं असेल का? वर्षानुवर्षं त्या वळणावरून गेलेला माणूस — पडद्यावर गाडी अशी सरसर गेली तेव्हा मागं भिंतीला टेकून त्याला काय दिसलं असेल? मी विचारलं नाही. त्यानंही नाही.

लाइन अजून चालू आहे. हंगामात वाघिणी भरून जातात, आणि त्या आठ-दहा घरांतली मुलं शिकून कुठं कुठं पोचली. दादा गेटवर बसून निवृत्त झाला. नव्या माणसाला तो मोठ्यानं सांगतो, “पावणं, ही रेल्वे माझ्या भनीनं वाचीवली.” ते ऐकून माझी छाती भरून येते. खरंच येते. मी वाचवलीही.

पण वळण मी बदललं, आणि त्याच्या तोंडावर खोटं बोलले. त्याचा गुडघा गेला, इंजिन गेलं, आणि त्याच्यावर ठपका आला तेव्हा मी रुमालाची घडी करत बसले. हे मी केलं.