कडावचा डावा आर्म

आमच्या गाडीचं वय विचारायचं नाही, असा माझ्या वडिलांचा घरात दंडक आहे. "चालते ना? मग झालं," एवढंच त्यांचं उत्तर. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र ती चालेनाशी झाली आणि बाबा ओट्यावर जाऊन बसले.

दोष गाडीचा नव्हताच. डोंगर बघत राहायचं म्हणून शहरातली माणसं कर्जतला येतात, त्यासाठी आधी डोंगर पोखरून बंगले बांधतात, आणि त्या बंगल्यांची खडी वाहणाऱ्या डंपरांनी आमचे रस्ते खाऊन टाकलेत. वर प्रत्येक फार्महाऊसच्या फाटकासमोर त्यांचा स्वतःचा स्पीडब्रेकर. असल्याच एका टेंगळावर खालून काडकन आवाज आला आणि पुढचं डावं चाक फेंगडं होऊन बसलं. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी आर्म तुटला होता.

आमचा मेकॅनिक साजगावचा. जगात असा एकही बिघाड नाही ज्याचं उत्तर त्याच्याकडे नाही, आणि ते उत्तर नेहमी एकच असतं: वेल्डिंग. त्याने मोठ्या आत्मविश्वासाने आर्मला वेल्डिंग मारलं. गाडी आमच्या फाटकापर्यंत गेली आणि फाटकातच पुन्हा बसली.

"बाई, आता पार्टच बदलू. भेटंल ओ, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. मी जन्मभर शाळेत शिकवलंय. 'टेन्शन नका घेऊ' म्हणणाऱ्या माणसाचा गृहपाठ झालेला नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

भेटंल म्हणणं सोपं होतं. या मॉडेलच्या गाड्या कंपनीने कधीच बंद केलेल्या. शोरूममधल्या टायवाल्या गृहस्थांनी गाडीचं नाव ऐकून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बैलगाडीचं जू मागायला आले असावे. मग त्यांनी मला सरबत दिलं आणि नव्या गाडीचे रंग दाखवले. लोधिवलीच्या पुढे जुन्या हायवेवर एका भंगारवाल्याच्या ढिगात आमच्या गाडीच्या भावंडांची दारं होती, दिवे होते, अख्खी डिकी होती. आर्म नव्हता. शेवटी ऑनलाइन मागवला, तर खोक्यातून निघाला उजव्या चाकाचा. डाव्याच्या जागी उजवा बसत नाही. मेकॅनिकने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "थोडं कापून वेल्डिंग मारू का?"

माझा धाकटा भाऊ पुण्यात असतो आणि तिथून आम्हाला चालवतो. "ताई, सेंटिमेंटल होऊ नको. भंगारात दे ती गाडी. महिनाअखेर मी येतो, तेव्हा मीच तिला भंगारवाल्याकडे पोचवून येतो," त्याने फोनवर जाहीर केलं. सेफ्टी, मायलेज, पर्यावरण, सगळं बोलला. या माणसाच्या स्वतःच्या गाडीत दोन बैल मावतील.

भावाच्या त्या उंच गाडीचंच तर सगळं रामायण होतं. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना फार वर चढता येत नाही की फार खाली बसता येत नाही. आमच्या जुन्या गाडीची सीट नेमकी त्यांच्या बेताची. काठी आत टाकायची, पाठमोरं टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. कुणाचा हात लागत नाही. एका लग्नाला भावाने त्यांना आपल्या गाडीतून नेलं आणि कार्यालयाच्या दारात, सनईच्या तालावर, त्याच्या ड्रायव्हरने त्यांना काखेत हात घालून तांदळाच्या पोत्यासारखं उतरवलं. वऱ्हाडी मंडळी कौतुकाने बघत होती. एका बाईंनी तर "सांभाळून हं" असंही म्हटलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "यापुढे मी माझा बसेन तर जाईन. नाहीतर जाणार नाही." आणि बाबा एकदा बोलले की विषय संपला. गाडी बंद पडल्यापासून ते ओट्यावरून हललेले नव्हते. ती भंगारात गेली असती, तर पुढेही हलले नसते. मला राग येत होता, कुणाचा ते ठरवता येत नव्हतं, म्हणून मी तो मेकॅनिकवर काढत होते.

आमच्याकडे कडावहून दूध येतं. जॅकवर चढवलेल्या गाडीला वळसा घालून दूधवाले रोज माप ओतून जात. एक दिवस जाता जाता म्हणाले, "आमच्या आळीत हाय आशीच गाडी. कोंबड्या आंडी घालतात तिच्यात."

"अहो, मग इतके दिवस बोलला नाहीत?"

"तुमी इचारलंच नाय."

मेकॅनिकला घेऊन मी त्याच दिवशी रिक्षाने कडाव गाठलं. गोठ्याच्या पडवीत गाडी उभी होती. इंजिन गेलेलं, मागच्या सीटवर पेंढा आणि एक रागीट कोंबडी, पण बॉनेटवर दसऱ्याची सुकलेली झेंडूची माळ. ड्रायव्हरच्या जागी घरचे म्हातारबाबा स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भाताकडे बघत बसले होते. त्यांनी आमच्याकडे मान वळवली नाही. आम्ही रस्त्यात आडवे आलो असतो, तर कदाचित हॉर्न दिला असता.

मी चाकाचा आर्म विकत मागितला, तशी त्यांची म्हातारी घरातून बाहेर आली. "लक्षुमी हाय ती आमची," ती म्हणाली. "हिच्यातनं माझी लेक सासरी गेली. हिचा पाय इकायचा नाय. आन् लंगडी बी नाय ठेवायची. त्यो रोज सांजचा बसतो आत."

"मावशी, आमचा आर्म जोडून तुमच्या गाडीला लावतो," मी म्हणाले. "उभ्या गाडीला तो पुरेल." मेकॅनिकच्या वेल्डिंगला अखेर लायक जागा मिळाली होती.

"कुनासाठी पायजे?"

मी बाबांचं सांगितलं. लग्नाचं, काखेतल्या हातांचं, सगळं. गाडीतले म्हातारबाबा ऐकत नाहीत असं दाखवत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी दार उघडलं. सून धावत पुढे आली, तर तिचा हात बाजूला सारून ते आपले आपण उतरले आणि मेकॅनिकला म्हणाले, "लाव तुजा जॅक."

मेकॅनिकने नट सैल केला, एवढ्यात म्हातारी कडाडली. "थांब रं! त्ये डावं हाय. डाव्या अंगाचं कुनाला देत नसतात. उजव्याचं न्या."

"आवो मावशी, उजवा नवाकोरा पडलाय आमच्याकडं!" मेकॅनिकने कपाळावर हात मारला. कपाळ काळं झालं. पण म्हातारी हटेना. घरातून गेलेली वस्तू उजव्या हाताने जायला हवी, त्यात लक्ष्मीची.

मी जरा विचार केला. "मावशी, दसऱ्याला पूजा करताना तुम्ही कुठे उभ्या राहता?"

"म्होरं. आनी कुठं?"

"मग उभ्या राहा बघू. हे चाक तुमच्या कुठल्या हाताला आलं?"

ती गाडीसमोर जाऊन उभी राहिली. चाकाकडे पाहिलं, स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाय, तू मास्तरीन हायस का गं?"

"होय."

"वाटलंच," ती म्हणाली आणि हसली. तिला फसायचं होतं म्हणून ती फसली. आर्म निघाल्यावर तिने त्या ग्रीसने बरबटलेल्या लोखंडाला हळदकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या आणि आर्म मेकॅनिकच्या हातात नारळासकट दिला. तो त्याने रिक्षापर्यंत तान्ह्या बाळासारखा नेला. हळदकुंकवावर वेल्डिंग सुचवायची मात्र त्याची हिंमत झाली नाही.

महिनाअखेर भाऊ आला तो आपल्या गाडीला खास बाबांसाठी पायरी बसवून. बाबांनी पायरी निरखली. "छान आहे. कुंड्या ठेवायला होईल," म्हणाले. मग आमच्या गाडीपाशी गेले, काठी आत टाकली, टेकले, पाय घेतले. "कडावला घे," मला फर्मावलं. भाऊ मागच्या सीटवर गुडघे दुमडून बसला. भंगाराचा विषय त्याने काढला नाही. त्या अवस्थेत काढता आलाही नसता.

कडावला, आमच्या जोडलेल्या आर्मवर उभ्या असलेल्या पडवीतल्या गाडीत म्हातारबाबा भाताकडे बघत बसलेच होते. बाबा उतरले. मी सवयीने हात पुढे केला.

"हात काढ."

ते काठी टेकत त्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, दार उघडलं, सीटवरची कोंबडी हुसकली आणि आपले आपण आत बसले. दोघांची ओळखसुद्धा नव्हती.

"दार जोरात लावा," म्हातारबाबा समोर बघतच म्हणाले. "नायतर उघडतं."

बाबांनी दार जोरात लावलं.

भाऊ माझ्या कानाशी आला. "ताई, आता यांना बाहेर कसं काढायचं गं?"

"काढायचं नाही," मी म्हणाले. "ते त्यांचे ते निघतील."